वहिनीचा तेलाचा डबा आणि माझा डायोड

वहिनी, ऐक. आधी निकाल सांगते, रडायचं ते नंतर बघू. तुझा डबा खरा निघाला!

परवा सकाळी निघाला, तुझ्याच टेबलावर आणि दादाच्या साक्षीने. दादाने तर थर्मामीटर हातात धरला होता. तुझा नवरा, ज्याला रेडिओचं बटण फिरवतानाही भीती वाटते की आत कुणाला तरी लागेल, तो डोळे बारीक करून आकडे वाचत होता आणि मी ओरडत होते, "दादा, हलू नकोस!" आमचा गोंगाट ऐकून खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन धावत वर आल्या. त्यांना वाटलं, काहीतरी झालं. झालंच होतं. तुला जाऊन अजून महिना व्हायचाय, घरात अजून कुणी मोठ्याने बोलत नाही, आणि त्याच घरात नणंद टाळ्या पिटत होती, कारण भावजय जिंकली होती. बडोद्याच्या दांडिया बाजारात असं याआधी कधी झालं असेल असं मला वाटत नाही.

लोकांच्या घरी नणंद-भावजयीचं भाजीतल्या मिठावरून बिनसतं. आपलं बिनसलं ते डायोडवरून. आणि तेही पहिल्या दिवसापासून. तुझं रुखवत आठवतं? बाकीच्या मुलींच्या रुखवतात लोकरीचे ससे आणि साखरेची तुळशीवृंदावनं असतात. तुझ्या रुखवतात, त्या सशांच्या मधोमध, तू स्वतः बांधलेला रेडिओ रिसीव्हर ठेवला होतास, खाली चिठ्ठी लावून. आमची मोठी आत्या म्हणाली, "लाव गं जरा, गाणी तरी ऐकू." तू सांगितलंस की यावर गाणी लागत नाहीत, यावर दूरदूरची माणसं एकमेकांशी बोलतात. आत्या म्हणाली, "बोलायला माणसं काय घरात कमी आहेत?" मी तेव्हा डिप्लोमाला होते, अंगात नवा शहाणपणा होता. मी वाकून बघितलं आणि म्हटलं, "हा एक टाका कोरडा राहिलाय, सोल्डर नीट बसलेलं नाही." तू डोक्यावरचा पदर सावरत मान वर केलीस आणि म्हणालीस, "वन्सं, तो टाका नाही, तुमचा चष्मा कोरडा आहे."

मी चष्मा लावत नव्हते गं तेव्हा. पण त्या क्षणी मला कळलं की आता या घरात मजा येणार.

तू कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत शिकवायला लागलीस, मी रेल्वेत वायरलेस सेट दुरुस्त करायला लागले. गार्डचे, ड्रायव्हरचे, स्टेशनमास्तरचे ते बोलायचे डबे. दिवसभर माझं काम एकच: सेट दुरुस्त झाला की तो बाहेर किती जोराने सिग्नल फेकतो, म्हणजे त्याची पॉवर किती, ते मोजायचं. आणि ते मी डायोडने मोजायचे. काचेच्या नळीतला, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा डायोड. रेडिओचा सिग्नल एका सेकंदात लाखो वेळा पुढे-मागे हेलकावतो. त्याच्या मागे धावणं कुठल्याही काट्याला शक्य नाही. पण डायोड एकाच बाजूने उघडणारा दरवाजा. पुढचा हेलकावा आत घेतो, मागचा अडवतो. आत आलेलं एका छोट्या कपॅसिटरमध्ये साठतं आणि काटा आरामात तेवढ्यावर जाऊन थांबतो. किती साधं, किती सुंदर! माझ्या त्या अॅल्युमिनियमच्या पेटीवर, जिच्यात हा डायोड होता, मी वॅटची पट्टी स्वतः काढली होती, बारीक ब्रशने. सेट जोडला की काटा टुणकन उडी मारून आकडा दाखवायचा. माझा आयुष्यभर त्याच्यावर विश्वास होता.

आणि तुझा तो डबा! चहापत्तीचा स्टीलचा डबा, त्यात वाटीभर शेंगदाण्याचं सिंगतेल, तेलात बुडवलेले रेझिस्टर, झाकणाला भोक पाडून खोचलेला थर्मामीटर, आणि थंडी वाजू नये म्हणून बाहेरून जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळलेला. सिग्नल रेझिस्टरमध्ये गेला की त्याची उष्णता होते, तेल तापतं. किती तापलं ते बघायचं. मग सिग्नल काढून तिथेच बॅटरी जोडायची आणि तेच तेल तेवढ्याच वेळात तेवढंच तापवायचं. बॅटरीचे व्होल्ट आणि अँपिअर कुणालाही मोजता येतात. ती जेवढी पॉवर, तेवढीच सिग्नलची. संपलं.

संपलं कसलं! तेल तापायला एवढा वेळ लागायचा की तेवढ्यात वरण-भाताचा कुकर व्हायचा. मी म्हणायचे, "वहिनी, हे मोजणं नाही, हे तळण आहे." तू म्हणायचीस, "हो, पण माझ्या कढईत खोटं तळलं जात नाही." मी म्हणायचे, तुझ्या डब्यातून उष्णता बाहेर जाते. तू म्हणायचीस, बॅटरी लावते तेव्हाही तेवढीच जाते ना, मग बिघडलं कुठे? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, अशी दोघींची तऱ्हा. भांडण फारच रंगलं की दादा पायात चपला घालायचा आणि सेव-उसळ घेऊन यायचा. दोघींची तोंडं तिखटाने भरली की घरात शांतता. आपल्या संसारात त्याने एवढंच रेडिओचं काम केलं, पण चोख केलं.

खरी ठिणगी पडली ती तुझ्या आवाजावरून. तुला हौशी लोकांच्या हॅम रेडिओचं लायसन मिळून बरीच वर्षं झाली होती, पण आवाज पाठवणारा सेट तू स्वतः बांधलास तो निवृत्त झाल्यावर. गच्चीवर अँटेना चढवली, उत्तरायणात पोरांच्या पतंगांचे दोरे तिच्यात अडकले की तू वर जाऊन ते सोडवायचीस आणि पतंग स्वतःच उडवत बसायचीस. सेट तयार झाला आणि तुला कळायला हवं होतं की आपण बोलतो तेव्हा बाहेर किती पॉवर जाते. अँटेना काढली, आधी माझी पेटी जोडली, आणि तू माइकमध्ये एकोणतीसचा पाढा म्हणायला लागलीस. बडोद्यातल्या एकाही बाईने एकोणतीसचा पाढा एवढ्या आवेशात म्हटलेला मी ऐकलेला नाही. काटा प्रत्येक शब्दाला उडत होता, जवळजवळ पाच वॅट दाखवत होता. मग डबा जोडला. पुन्हा तोच पाढा, पुन्हा पुन्हा, तुझा घसा बसेपर्यंत. डबा म्हणाला, दोनसुद्धा नाही.

"डब्यात काहीतरी लोचा आहे," मी म्हटलं.

"डबा बराबर आहे," तू म्हणालीस. "वन्सं, तुमचा डायोड भाट आहे. महाराज नुसते खोकले तरी हा म्हणतो, गर्जना केली."

मला काय राग आला म्हणून सांगू! इतकी वर्षं रेल्वेचे सेट मी याच डायोडवर तपासले होते, आणि एकदाही तो चुकला नव्हता. मी तुला तेच सांगितलं. तू हसलीस फक्त. पाच खरे की दोन खरे, हा वाद मग दिवाळीत झाला, गौरीच्या जेवणात झाला, फोनवर झाला. मी मांजलपूरहून स्कूटर काढून यायचे ती कधीकधी खास एवढ्यासाठीच, की वाटेत एखादा नवा मुद्दा सुचलेला असायचा. आता सांगायला हरकत नाही, त्या मुद्द्यांवर मी जगत होते गं.

शेवटचा वाद दवाखान्यात. तुझ्या नाकात नळी, आणि मी शेजारी बसून मोसंबी सोलतेय. तू नळी जरा बाजूला सारलीस आणि, ते वन्सं-तुम्ही सगळं सोडून, म्हणालीस, "शैलू, तुझ्या डायोडला एक साधी बेरीज विचार."

"कसली बेरीज?"

"माझे ते दोन छोटे ट्रान्समीटर आहेत ना, एकेक वॅटचे? जवळजवळच्या फ्रिक्वेन्सीवर लाव. आधी एकेकटा मोज. मग दोन्ही एकत्र करून मोज. एक अधिक एक. जो दोन म्हणेल तो खरा."

"माझा दोनच म्हणणार."

"मग करून बघ ने."

"घरी ये, मिळून करू."

"जवा दे, ते राहू दे. मी नसले तरी कर," तू म्हणालीस, अगदी सहज, दूध तापवून ठेव म्हणावं तसं. "आणि जो खरा निघेल तो पारुलच्या लॅबला द्यायचा. मी शब्द दिलाय तिला. खोटा निघेल त्याला घरी ठेव, शोभेला."

पारुल म्हणजे तुझी जुनी विद्यार्थिनी, आता त्याच कॉलेजात शिकवते. तिच्या मुलामुलींना रेडिओची पॉवर खरी मोजणारं काहीतरी हवं होतं. त्यावर मी तुला काय म्हटलं ते आठवतं? "आधी मोसंबी खा." तेच आपलं शेवटचं बोलणं ठरलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. तू दोन फोडी खाल्ल्यास आणि तिसरी आंबट आहे म्हणून माझ्यावरच ढकललीस.

तेराव्यानंतर दादा म्हणाला, "शैला, पारुलचा फोन आला होता. उतावळ नथी, सावकाश द्या म्हणाली. पण हिने शब्द दिलाय. काहीतरी पाठवून दे."

काहीतरी! वहिनी, तुला कळतंय ना मी कुठल्या पेचात सापडले होते? तुझा डबा खरा ठरला तर डबा जाणार. तो गोधडीचा तुकडा, ते काळपट झालेलं तेल, झाकणावर तुझ्या बोटांचे डाग, सगळं कॉलेजात जाणार, कुणा परक्या मुलांच्या टेबलावर. आणि माझा डायोड खरा ठरला तर डबा माझ्याकडे राहणार, कायमचा, पण तू चुकलीस हे माझ्या कपाळी येणार. जिंकले तर तू खोटी, हरले तर तुझा डबा गेला. असला सौदा माणूस शत्रूशीसुद्धा करत नाही.

खरं सांगते, मनात आलं की प्रयोगबियोग काही नको. माझी पेटी पिशवीत घालायची, पारुलला द्यायची, डबा घरी न्यायचा. कोण विचारणार होतं? दादाला काय कळतंय? पिशवीसुद्धा हातात घेतली होती. पण मग पेटीवरच्या पट्टीकडे लक्ष गेलं आणि वाटलं, बघू तरी. मला मनातून खात्रीच होती की माझा डायोड दोन म्हणणार, तुझा डबाही दोन म्हणणार, म्हणजे बरोबरीत सुटेल आणि मी म्हणेन, पेटी घेऊन जा, डबा राहू दे. मी असली हिशोबी! मी जिंकायलाच बसले होते.

दादाला म्हटलं, "थर्मामीटर धर." तो म्हणाला, "मला नाही जमणार." मी म्हटलं, "आकडे वाचता येतात ना? विम्याच्या ऑफिसात आयुष्यभर तेच केलंस." बसला बिचारा.

फेराइटच्या कड्यावर तार गुंडाळून दोन सिग्नल एकत्र करणारं छोटं वेटोळं मी केलं. आधी पहिला ट्रान्समीटर एकटा: काटा एकवर. दुसरा एकटा: काटा एकवर. मग तोच प्रकार डब्यावर. तेल तापायची वाट बघायची, मग पंख्याखाली ते थंड व्हायची वाट बघायची. त्या वाट बघण्यात दादाने पहिल्यांदा विचारलं, "हे नेमकं करतं काय?" लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर! मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ही मला एवढंच सांगायची, तेल तापेपर्यंत गप्प बस. मी तेवढ्यात पेपर वाचून काढायचो." मग जरा वेळाने म्हणाला, "विचारायला हवं होतं. मजेशीर आहे की." डब्यानेही दोघांना एकेक वॅट दिला. इथपर्यंत दोघी बरोबरीत.

मग मी दोन्ही एकत्र केले आणि माझी पेटी जोडली.

वहिनी, काटा दोनवर थांबलाच नाही! दोन ओलांडला, तीन ओलांडला आणि चारच्या अगदी अलीकडे जाऊन उभा राहिला, छाती काढून. मी म्हटलं, तार सुटली. पुन्हा जोडली. चार. बदलून जोडली. चार. एक आणि एक चार! माझ्या कानांतून वाफ निघत होती. दादा म्हणाला, "बिघडलं का?" मी म्हटलं, "बोलू नकोस, डबा लाव." तेल तापू लागलं. दादा दर थोड्या वेळाने आकडा वाचत होता आणि मी लिहून घेत होते. एकट्याने जेवढं तापवलं होतं त्याच्या बरोब्बर दुप्पट तापलं. ना कमी ना जास्त.

"दोन," दादा म्हणाला. "शैले, हा दोन म्हणतोय!"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. नवरात्रात मैदानावर गरब्याचे दोन गोल असतात ना, एकाचा ठेका दुसऱ्यापेक्षा जरासाच जलद? टाळ्या कधी एकत्र पडतात आणि सगळं मैदान दणाणतं. मग हळूहळू फाटतात, एकमेकींना खाऊन टाकतात, पुन्हा जुळतात. दोन सिग्नलही तसेच. जुळले की हेलकावा दुप्पट होतो, आणि हेलकावा दुप्पट म्हणजे पॉवर चौपट. फाटले की जवळजवळ शून्य. सरासरी काढली की दोन. माझा डायोड फक्त ती दणाणणारी टाळी लक्षात ठेवत होता, कपॅसिटरमध्ये जपून. तुझं तेल प्रत्येक टाळी मोजत होतं, मोठी, छोटी, हुकलेली. तुझ्या पाढ्याचंही तेच झालं होतं. 'एकोणतीस' म्हणताना एखादं अक्षर जोरात जायचं, डायोड तेवढंच धरून बसायचा. मधल्या श्वासांचा, दमण्याचा, 'च' आणि 'स'चा हिशोब फक्त तेल ठेवायचं.

आणि मला आयुष्यभर हे का कळलं नाही, तेही त्याच क्षणी कळलं. रेल्वेचे आमचे सेट असे होते की माणूस बोलो की गप्प बसो, पॉवर तीच राहते, फक्त फ्रिक्वेन्सी थरथरते. तिथे सगळ्या टाळ्या सारख्याच. माझ्या डायोडला कधी खोटं बोलायची संधीच मिळाली नाही! सज्जनांत राहून सज्जन राहिलेला तो. पहिल्यांदा तुझ्यासारख्या बोलणारणीशी गाठ पडली आणि बिंग फुटलं.

दादाने विचारलं, "हिला हे आधीच ठाऊक होतं?"

"होय."

"आणि तुला?"

"नव्हतं."

तेव्हा तो हसला गं. तू गेल्यापासून पहिल्यांदा. पोट धरून हसला, चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा हसला. हंसाबेन वर आल्या त्या तेव्हाच. "शुं थयुं, शैलाबेन?" मी म्हटलं, "भाभी जीती गया!" त्या बिचाऱ्या आमच्यासाठी खाली जाऊन चहा करून घेऊन आल्या.

पण थांब, मी इतक्यावर सोडणारी नाही, तुला ठाऊक आहे. चहा पिऊन झाल्यावर मला वाटलं, डायोडच्या अंगावर एवढा मोठा सिग्नल टाकण्यापेक्षा त्याला थेंबभरच द्यावा. रेझिस्टरची एक लांब साखळी लावली, सिग्नल इतका बारीक केला की काट्याला जाणवेना. मग पेटीतला काटा काढून साधा मल्टीमीटर लावला, मिलिव्होल्ट दाखवणारा. एकटा ट्रान्समीटर लावला, आकडा घेतला. दुसरा घेतला, तोही तेवढाच. दोन्ही एकत्र केले.

दुप्पट! चौपट नाही, दुप्पट! वहिनी, मी खुर्चीवरून उठून नाचले. सिग्नल अगदी बारीक असला की डायोड शिखर धरून बसत नाही. तो पॉवरच्याच प्रमाणात बोलतो, तुझ्या तेलासारखा. शितावरून भाताची परीक्षा, पण शीत एकच उचलायचं, सगळं पातेलं तोंडात घालायचं नाही. दादा म्हणाला, "म्हणजे तुझाही खरा?"

"कमी दिलं तर."

"सगळ्यांचंच तसं असतं," तो म्हणाला आणि रिकामे कप उचलून आत गेला.

आता हे ऐक, हा माझा नवा मुद्दा. अगदी ताजा आहे, यावर तुझ्याशी भांडायचं राहिलंच. तुझ्या सेटमधला तो ट्रान्झिस्टर टप् करून उडाला होता ना, शेवटच्या टप्प्यातला? तू म्हणालीस, मांडवीतल्या दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला. तू जाऊन त्याच्याशी अस्खलित गुजरातीत भांडलीस, त्याने घाबरून दुसरा दिला, तोही उडाला, मग तू दुकानच बदललंस. नाचता येईना, अंगण वाकडं! तुझ्या डब्याने दोन वॅट सांगितले आणि तू दोन वॅट सोसेल एवढाच ट्रान्झिस्टर लावलास. पण पाढा म्हणताना अक्षर जोरात गेलं की त्या क्षणापुरती पॉवर खरोखरच पाचपर्यंत जात होती. माझा डायोड तेच तर ओरडून सांगत होता. तेल सरासरी सांगतं, वहिनी, आणि ट्रान्झिस्टर सरासरीने मरत नाही, एका क्षणात मरतो. तुझे दोन खरे, पण माझे पाचही खोटे नव्हते. दुकानदाराची माफी मागायला हवी तुला. बोल, काय म्हणतेस?

हा मुद्दा सुचला आणि मी पहाटेपासून फेऱ्या मारत होते. इतका बिनतोड मुद्दा मला आयुष्यात सुचलेला नाही. तू त्यावर काय म्हणाली असतीस याच्या मी सतरा तऱ्हा करून बघितल्या, आणि प्रत्येकीला उत्तर तयार ठेवलं.

आज दुपारी डबा कॉलेजात नेला. शब्द म्हणजे शब्द. स्कूटरवर पायांच्या मध्ये ठेवला होता, तेल हिंदकळू नये म्हणून सगळा रस्ता इतकी हळू गेले की रिक्षावाले मागून शिव्या घालत होते. गोधडीचा तुकडा काढून ठेवावा असं क्षणभर वाटलं, पण त्याच्याशिवाय माप चुकेल, म्हणून नाही काढला. नुकसान झालं का माझं? झालं. किती झालं ते पारुलच्या हातात देताना कळलं. पण त्याच वेळी मला मिरवावंसंही वाटत होतं, आमच्या वहिनीचा डबा, बघा, कसा खरं बोलतो! पारुलने तो दोन्ही हातांनी घेतला आणि वास घेतला. म्हणाली, "सेम बेनचाच वास."

मुलंमुली भोवती जमली. एक अधिक एकचा प्रयोग मी त्यांच्यासमोर केला. डब्याने दोन सांगितले, माझ्या पेटीने चार, आणि साखळी लावल्यावर पेटीनेही दोन. त्यांनी टाळ्या वाजवल्या, काहीजणींनी मोबाइलवर फोटो काढले. मग मी म्हटलं, आता एक महत्त्वाची गोष्ट, आणि तुझ्या ट्रान्झिस्टरचा मुद्दा मांडला. पूर्ण मांडला, जसा तुझ्यासमोर मांडला असता तसा, हातवारे करून, मांडवीच्या दुकानदारासकट. दोनही खरे आणि पाचही खरे. शेवटी मी मुद्दाम थांबले आणि सगळ्यांकडे बघितलं.

"हां मॅडम, बराबर छे," पुढची एक मुलगी म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. पारुलनेही डोलावली. दोघातिघांनी लिहून घेतलं.

मी म्हटलं, "कुणाला काही शंका? कुणाला वाटतं का, मी चुकतेय?"

"ना, ना, मॅडम. एकदम क्लियर."

मी आणखी थोडा वेळ उभी राहिले. एवढ्या मोठ्या खोलीत एकजणही म्हणाली नाही, 'वन्सं, काहीतरीच काय.' माझं म्हणणं सगळ्यांनी पहिल्याच दमात मान्य केलं, आणि तेव्हा मला कळलं, वहिनी, की तू खरंच गेलीस.